लिलावातून बचावफळी कशी उभी राहते? पुणेरी पलटणचा प्रवास आणि नाशिकचा दुवा

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत प्रो कबड्डी लीगच्या १२व्या हंगामाचा अंतिम सामना झाला. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. अखेरच्या मिनिटात दिल्लीच्या फझल अत्राचलीने केलेली पकड निर्णायक ठरली. हाच इराणी बचावपटू तीन वर्षांपूर्वी, ९व्या हंगामात, पुण्याचा कर्णधार होता. पुण्याने त्याच्यासाठी तेव्हा १ कोटी ३८ लाख रुपये मोजले होते आणि पुढच्याच हंगामाआधी त्याला सोडले होते.

मग पुण्याची चूक झाली का? आकडे पाहिले तर तसे म्हणता येत नाही. अत्राचली गेल्यानंतरच्या तीन हंगामांत पुणे एकदा विजेते आणि एकदा उपविजेते ठरले. कबड्डीत बचावफळी नेमकी कशी बांधली जाते, महागडा खेळाडू त्यात किती उपयोगी पडतो आणि नाशिकसारख्या जिल्ह्यातल्या तरुणांना त्यातून संधी कशी मिळते, हे पुण्याच्या उदाहरणातून चांगले समजते.

बचावफळी म्हणजे काय?

कबड्डीत मैदानावर सात खेळाडू असतात. त्यांपैकी साधारण चार जण मुख्यतः पकडीसाठी निवडलेले असतात: डावा कोपरा, उजवा कोपरा आणि त्यांच्या शेजारचे दोन कव्हर. उरलेले तीन जण बहुधा चढाईपटू असतात. प्रतिस्पर्धी चढाईला आला की तेही बचावात उभे राहतात.

कोपरारक्षकाचे काम चढाईपटूचा घोटा किंवा मांडी धरून त्याला रोखण्याचे. कव्हरचे काम त्याला धडक देऊन मैदानाबाहेर काढण्याचे, परतीची वाट अडवण्याचे किंवा कोपऱ्याने धरलेल्या खेळाडूवर झेप घेऊन पकड पक्की करण्याचे. एका चढाईला फक्त ३० सेकंद मिळतात. पकड प्रत्यक्षात एक-दोन सेकंदांत घडते. तेवढ्या वेळात शेजारचा खेळाडू काय करणार, हे न बोलता कळावे लागते.

पकडीचा हिशेबही जोखमीचा आहे. यशस्वी पकडीला एक गुण मिळतो. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड ठरते आणि दोन गुण मिळतात. पकड फसली तर मात्र चढाईपटू जितक्यांना स्पर्श करून परत जाईल तितके गुण समोरच्याला मिळतात आणि तेवढे खेळाडू बाद होतात. म्हणूनच कोपऱ्याने घाईने उडी घेतली आणि कव्हर मागे राहिला, तर एका चुकीत दोघे-तिघे बाद होऊ शकतात. संपूर्ण संघ बाद झाला की लोण चढतो आणि आणखी दोन गुण जातात.

थोडक्यात, चढाईपटू एकटा सामना फिरवू शकतो. बचावपटूला ते एकट्याने क्वचितच जमते.

ड्राफ्ट आणि लिलाव यांत फरक काय?

व्यावसायिक खेळात नवे खेळाडू मिळवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये १९३६ पासून ड्राफ्ट होतो. महाविद्यालयांतून आलेल्या खेळाडूंमधून संघ आळीपाळीने निवड करतात. आधीच्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याला पहिली निवड मिळते. या पद्धतीत पैशांपेक्षा पारख महत्त्वाची ठरते. सिएटल सीहॉक्स संघाने २०१० मध्ये अर्ल थॉमसला पहिल्या फेरीत निवडले. कॅम चान्सलर २०१० मध्ये आणि रिचर्ड शर्मन २०११ मध्ये, दोघेही पाचव्या फेरीत मिळाले. म्हणजे बाकीच्या संघांनी त्यांना अनेकदा डावलले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये याच बचावाच्या जोरावर सिएटलने डेन्व्हरला ४३-८ असे हरवून सुपर बोल जिंकला.

प्रो कबड्डीत नावाजलेल्या खेळाडूंचा लिलाव होतो. प्रत्येक संघाला खर्चाची समान मर्यादा असते. ९व्या हंगामात ती ४ कोटी ४० लाख रुपये होती, १०व्या हंगामापासून ती ५ कोटी झाली. त्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडूंचा संघ बसवावा लागतो. आधीचे काही खेळाडू कायम ठेवता येतात. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने लावलेली अखेरची बोली तेवढ्याच रकमेत स्वीकारून त्याला परत घेण्याची सोयही मर्यादित प्रमाणात असते.

या व्यवस्थेत ड्राफ्टच्या जवळ जाणारा एक भाग आहे, तो म्हणजे नवोदित खेळाडूंचा गट. लीगमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या तरुणांना संघ मुख्य लिलावाबाहेर करारबद्ध करतात. त्यांचे मानधन मर्यादित असते आणि पुढच्या हंगामांसाठी त्यांना कायम ठेवता येते. चांगला तरुण वेळेत हेरला, तर तो दोन-तीन हंगाम कमी खर्चात संघात राहतो आणि वाचलेली रक्कम मोठ्या बोलीसाठी उरते.

पुणेरी पलटण: तळापासून विजेतेपदापर्यंत

पुणेरी पलटण २०१४ च्या पहिल्या हंगामापासून लीगमध्ये आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ आठ संघांत शेवटचा आला. नंतर मनजीत छिल्लरसारखे मोठे खेळाडू आले आणि संघ तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, पण विजेतेपद लांबच राहिले.

बदलाची सुरुवात ८व्या हंगामात दिसली. राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावे संघात होती, पण लक्ष वेधले ते अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवोदितांनी. त्याच सुमारास, ८व्या आणि ९व्या हंगामांत, अबिनेश नादराजन, संकेत सावंत आणि गौरव खत्री हे तरुण बचावपटू संघात स्थिरावू लागले. अबिनेश तमिळनाडूचा, संकेत महाराष्ट्राचा, गौरव हरियाणाचा. तिघांपैकी कोणीही कोटीच्या बोलीतून आलेला नव्हता.

९व्या हंगामात या तरुणांच्या जोडीला अत्राचली आला आणि बी. सी. रमेश यांनी प्रशिक्षकपद घेतले. संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३३-२९ असे हरवले. त्या हंगामात सर्वाधिक पकडी करणारा खेळाडू जयपूरचा डावा कोपरारक्षक अंकुश हा नवोदित होता. एकीकडे १ कोटी ३८ लाखांचा कोपरारक्षक, दुसरीकडे अजून कोणाला फारसा माहीत नसलेला तरुण, आणि चषक दुसऱ्याच्या संघाला मिळाला.

पुण्याने अत्राचलीला सोडले, पण तीन तरुणांना ठेवले. १०व्या हंगामाच्या लिलावात डाव्या कोपऱ्यासाठी इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाखांची बोली लावली. परदेशी खेळाडूसाठी तोपर्यंतची ही सर्वांत मोठी रक्कम होती आणि संघाच्या एकूण मर्यादेच्या ४७ टक्के होती. बाकीचा संघ कमी मानधनाच्या तरुणांचा होता, म्हणूनच एवढा खर्च परवडला.

आता चौकट पूर्ण झाली: डाव्या कोपऱ्यात शादलुई, त्याच्या शेजारी संकेत, दुसऱ्या कव्हरला अबिनेश, उजव्या कोपऱ्यात गौरव. पुणे साखळीत अव्वल राहिले, उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे हरवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला तीस गुणही गाठता आले नाहीत. शादलुई हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि कर्णधार अस्लम इनामदार सर्वांत मौल्यवान खेळाडू.

मग श्रेय शादलुईचे की बाकीच्या तिघांचे?

याचे उत्तर पुढच्या दोन हंगामांत मिळते. पुण्याकडून सुटलेल्या शादलुईला ११व्या हंगामासाठी हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांना घेतले. त्या हंगामात पुणे आठव्या क्रमांकावर घसरले. कर्णधार अस्लमची दुखापत हेही त्याचे मोठे कारण होते. हरियाणाने मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक जिंकला. इथपर्यंत पाहिले तर वाटते की शादलुई जिथे, तिथे विजेतेपद.

१२व्या हंगामात गुजरात जायंट्सने त्याच शादलुईसाठी २ कोटी २३ लाख मोजले. संघ पहिल्या आठांतही आला नाही.

फरक आजूबाजूच्या खेळाडूंचा होता. हरियाणाकडे जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल ही जोडी आधीच जमलेली होती. पुण्याविरुद्धच्या २०२४ च्या अंतिम सामन्यातही दोघे हरियाणाकडून खेळले होते. जमलेल्या फळीत एक मोठा खेळाडू आला, तर ती विजेती होते. फळीच जमलेली नसेल, तर तोच खेळाडू एकटा पडतो. पुण्यानेही १२व्या हंगामात गौरव आणि अबिनेश यांना केंद्रस्थानी ठेवून, अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली, पुन्हा साखळीत पहिला क्रमांक मिळवला.

या पद्धतीची किंमतही आहे. तरुण खेळाडू चमकला की त्याचा भाव वाढतो. खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखीच असल्यामुळे घडवलेले सगळे खेळाडू कायम ठेवणे कोणत्याही संघाला शक्य नसते. विजेता संघ टिकवणे हे म्हणूनच तो उभारण्यापेक्षा अवघड ठरते. प्रत्येक लिलावात कोणाला सोडायचे, हा निर्णय कोणाला घ्यायचे यापेक्षा जास्त जड असतो.

नाशिकचा दुवा

पुण्याच्या या उभारणीत नाशिकचा आकाश शिंदे सामील होता. तो चढाईपटू. ९व्या हंगामात त्याने पुण्याच्या चढाईत महत्त्वाचा वाटा उचलला आणि विजेत्या संघातही तो होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात महाराष्ट्रातून अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे असे दोघे होते: एक अहिल्यानगर जिल्ह्यातला, दुसरा शेजारच्या नाशिकचा.

बचावफळीच्या चर्चेत चढाईपटू कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर सातच्या गणितात आहे. चार बचावपटूंसोबत जे तीन चढाईपटू उभे राहतात, त्यांनी जागा सोडली किंवा साखळी तोडली, तर कोपऱ्याची पकड वाया जाते. शिवाय चढाईत गुण मिळाले, की बाद झालेले बचावपटू मैदानात परततात. चढाई करणारे तरुण भरवशाचे आणि परवडणारे असतील, तरच कोपऱ्यावर दोन कोटी खर्च करता येतात.

मोठा झालेला खेळाडू कायम हाती राहत नाही, हे आकाशच्या बाबतीतही दिसले. १२व्या हंगामात तो बेंगळुरू बुल्सकडून खेळला. प्रशिक्षक रमेशही त्याच संघात गेले होते.

जिल्ह्यातला खेळाडू लीगपर्यंत कसा पोहोचतो?

महाराष्ट्रात ही वाट गावच्या किंवा पेठेतल्या मंडळापासून सुरू होते. मंडळाकडून जिल्हा स्पर्धा, तिथून निवड चाचणीतून जिल्हा संघ, मग राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि त्यातून राज्याचा संघ. किशोर, कुमार आणि खुला अशा गटांत ही निवड होते. अलीकडे आणखी दोन वाटा खुल्या झाल्या आहेत. ९व्या हंगामाच्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या अंतिम दोन संघांच्या २४ खेळाडूंचा समावेश केला गेला. २०२२ पासून तरुणांसाठी युवा कबड्डी सिरीज सुरू झाली आणि तिच्यात पुण्याचा युवा पलटण हा संघ उतरला.

बचावपटूंसाठी ही वाट थोडी कठीण असते. गुणफलकावर चढाईपटूचे नाव पटकन दिसते. कव्हरने वेळेवर दिलेला आधार तिथे दिसत नाही, कारण पकडीचा गुण बहुधा आधी धरणाऱ्याच्या नावावर जातो. मातीवर तयार झालेल्या खेळाडूला मॅटवर पाय रोवण्याची, बूट घालून झेप घेण्याची सवय नव्याने करावी लागते. म्हणून बचावपटू निवडताना जाणकार केवळ पकडींची संख्या पाहत नाहीत. फसलेल्या पकडी किती, शेजाऱ्याच्या पकडीला तो किती वेळात पोहोचतो आणि संघ मागे असताना तो घाई करतो का, हे पाहिले जाते.

लक्षात ठेवण्यासारखे

पुणे, हरियाणा आणि गुजरात या तीन संघांचे अनुभव एकत्र पाहिले तर क्रम स्पष्ट होतो. आधी दोन-तीन तरुण बचावपटू निवडून त्यांना सलग काही हंगाम शेजारी-शेजारी खेळवायचे. त्यांच्यातली समज पक्की झाली, की उरलेल्या जागेसाठी मोठी बोली लावायची. हा क्रम उलटा केला तर पैसा जातो आणि फळी उभी राहत नाही. लिलावात खेळाडू मिळतो. दोन खेळाडूंमधली समज मात्र सरावाच्या मैदानावर वेळ देऊनच तयार करावी लागते.