‘रिकॉल’ झालेली मोटार आणि ग्राहकाचे हक्क

डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० डिझेल मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. त्यांच्या इंजिनांतून रस्त्यावर धावताना बाहेर पडणारे नायट्रोजन ऑक्साइड वायू प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा अधिक असल्याचे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या तपासणीत आढळले होते. भारतीय निकष मोडल्याचे मात्र कंपनीने मान्य केले नाही. या गाड्यांपैकी ८८ हजार ७०० स्कोडाच्या होत्या. स्कोडाचा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कारखाना २००१ पासूनचा. लॉरा, सुपर्ब, येती या मोटारींची जुळणी तेथेच होत असे. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ही बातमी त्यामुळे परकी नव्हती.

या दुरुस्तीत प्रामुख्याने इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलायचे होते. बदललेला सुटा भाग डोळ्यांनी पाहता येतो, सॉफ्टवेअर दिसत नाही. काम खरोखर झाले का, नंतर गाडीचे मायलेज घटले तर जबाबदार कोण, सर्व्हिस सेंटरने ‘भाग उपलब्ध नाही’ म्हणून महिनोन्महिने ताटकळत ठेवले तर काय करावे, हे रिकॉलच्या वादातील नेहमीचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कायद्यात आहेत. पण ती पदरात पाडून घेण्यासाठी ग्राहकाच्या हाती कागद असावा लागतो.

कायदा काय सांगतो?

२०१५ मध्ये रिकॉलसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेली ऐच्छिक संहिता तेवढी होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पर्यावरणास, वाहनातील व्यक्तींस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होऊ शकेल असा दोष असल्यास केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी दोष दुरुस्त करणे, वाहन बदलून देणे किंवा किंमत परत करणे हे उत्पादकावर बंधनकारक ठरते. सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केल्यास तो दंडातून सुटतो. सक्तीचे नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू आहेत. स्वेच्छेने मात्र कंपन्या त्याहून जुन्या गाड्याही परत बोलावतात.

रिकॉल आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी संपली, या कारणास्तव रिकॉलमधील दुरुस्तीचे पैसे मागितले गेल्यास ग्राहकाने ते लेखी मागावे. आपली गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही, हे चॅसिस क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते.

उत्पादक की वितरक?

वितरक म्हणतो, ‘कंपनीला विचारा’. कंपनी म्हणते, ‘वितरकाकडे जा’. या खेपांत ग्राहक थकतो. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये २००९ सालची मोटार दिली गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा २०२१ च्या निकालात वितरकाच्या गैरकृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरण्यास न्यायालयाने नकार दिला. दोघांतील करार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील होता आणि त्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. बोध स्पष्ट आहे. मूळ दोषाचे उत्तर उत्पादकाने द्यायचे, निष्काळजी कामाचे वितरकाने. वाद रिकॉलचा असेल तेव्हा तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करावे आणि प्रत्येकाची चूक वेगळी मांडावी.

जॉब कार्डाचे महत्त्व

गाडी सोपवताना जॉब कार्डावर रिकॉलचा उल्लेख, किलोमीटरची नोंद आणि ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. परत घेताना कोणता भाग किंवा कोणते सॉफ्टवेअर बदलले, याची लेखी नोंद मागावी. दोष कायम असल्यास ‘काम समाधानकारक’ अशा छापील मजकुराखाली सही करण्याआधी आपली हरकत नोंदवावी. फोनवरील आश्वासनास त्याच दिवशी ई-मेलने दुजोरा मागावा.

दाद कोठे मागावी?

प्रथम वितरक व उत्पादक यांना मुदत देऊन लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाहनातील सुरक्षाविषयक दोष परिवहन मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवरही नोंदविता येतो. त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय दूर असले तरी संभाजीनगरच्या रहिवाशाला तेथे जावे लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. त्यापुढे १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तांत्रिक दोष ठरविण्यासाठी आयोग तपासणीचा आदेश देऊ शकतो.

मागणी मात्र प्रमाणात असावी. दोषी भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण मोटार बदलून देण्याचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या प्रकरणात २००६ मध्ये म्हटले. उलट, अपघातात एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाई क्रेटाच्या मालकाला नुकसानभरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश याच न्यायालयाने २०२२ मध्ये कायम ठेवला. दोष जिवाशी गाठ घालणारा असेल तर तडजोडीची अपेक्षा ग्राहकाकडून धरता येत नाही. अशा गाडीची दुरुस्ती अपुरी वाटत असताना ती चालवत राहणे हा मात्र सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. हरकत लेखी नोंदवून गाडी सर्व्हिस सेंटरमध्येच ठेवणे अधिक शहाणपणाचे.