जालूतचं कूळ कोणतं?

बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायातलं एकोणिसावं वचन सहसा कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. बेथलेहेमच्या एल्हानानाने गथच्या गल्याथाला ठार केलं, एवढंच ते सांगतं. गल्याथ तोच. गाव तेच, आणि भाल्याचा दांडा विणकराच्या मागावरच्या लाकडाएवढा जाड, हे वर्णनही तेच. दावीदाचं नाव मात्र तिथे नाही. गोफणीने राक्षसाला लोळवणाऱ्या मेंढपाळ पोराची जगप्रसिद्ध गोष्ट आधीच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. मग गल्याथाला मारलं कोणी?

हा पेच जुन्यांनाही पडला होता. शमुवेलाच्या पुस्तकांनंतर लिहिल्या गेलेल्या ‘इतिहास’ या पुस्तकाने तोडगा काढला: एल्हानानाने मारला तो गल्याथाचा भाऊ, लहमी. हा भाऊ दुसरीकडे कुठेही भेटत नाही. ‘बेथलेहेमकर’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाचा शेवटचा तुकडा ‘लहमी’ असाच आहे, आणि त्यातूनच हे नाव घडलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पराक्रम आधी एल्हानानाच्या नावावर होता आणि दावीद राजा झाल्यावर तो त्याच्या खाती वर्ग झाला, हा त्यांचा तर्क पटण्याजोगा आहे. शिपायाची कामगिरी राजाच्या नावे लागणं ही काही एकाच देशाची रीत नव्हे.

मारणारा मोठा झाला तसा मरणाराही वाढत गेला, आणि या वाढीचं मोजमाप आपल्या हाती आहे. आज रूढ असलेल्या हिब्रू पाठात गल्याथाची उंची सहा हात एक वीत, म्हणजे सुमारे २९० सेंटिमीटर. पण मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत, जुन्या ग्रीक भाषांतरात आणि पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस याच्याकडे ती चार हात एक वीत आहे, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. त्या काळाच्या मानाने हा माणूस धिप्पाड खरा, पण माणूसच. नकला होता होता कुठेतरी त्याला दोन हात जास्तीचे मिळाले. त्याच्या ब्राँझच्या चिलखताचं वजन पाच हजार शेकेल, म्हणजे पंचावन्न किलोंच्या पुढे, आणि भाल्याचं लोखंडी पातं सहाशे शेकेल, म्हणजे सुमारे सात किलो. शोको आणि अजेका यांच्यामध्ये एला खोऱ्यात पलिष्टी आणि इस्राएल यांची सैन्यं समोरासमोर उभी होती आणि पलिष्ट्यांचा हा गडी चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत होता. कथेचा पाठही सगळीकडे सारखा नाही: चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात या कथेच्या दोन अध्यायांतला चाळीस टक्क्यांहून अधिक मजकूरच नाही. लांब पाठात दावीद आधी शौल राजाच्या दरबारी वीणा वाजवतो आणि लढाईनंतर तोच राजा विचारतो, हा मुलगा कोणाचा? दोन कथांची मोट बांधल्याची ही खूण, असं पुष्कळांचं मत आहे.

एवढ्या मोठ्या वीराला कूळ हवंच. ते दिलं ज्यूंच्या तालमूदने. ‘सोटा’ या प्रकरणातले रब्बी सांगतात की गल्याथ हा अर्पेचा मुलगा. अर्पा आणि रूथ या नामीच्या दोन सुना. विधवा सासूबरोबर परक्या मुलखात जायला रूथ तयार झाली, अर्पा रडली आणि माहेरी परतली. रूथ ही दावीदाची पणजी. त्या चार अश्रूंबद्दल अर्पेला चार बलदंड मुलगे मिळाले, गल्याथ त्यांतला एक. म्हणजे एला खोऱ्यातली लढाई रब्बींनी घरात आणली. पलिष्टी आणि इस्राएल यांचं वैर दोन जावांच्या वंशांतली भाऊबंदकी ठरलं, आणि गल्याथाच्या पराभवाचं बीज त्याच्या जन्माआधीच, सासूला सोडून वळलेल्या पावलांत पेरलं गेलं.

कुराणाला यातलं काही नको आहे. सूरह अल-बकरात २४६ ते २५१ या आयतांमध्ये ही कथा येते. तिथे गल्याथ जालूत होतो, शौल तालूत आणि दावीद दाऊद. जालूतचं नाव तीनदा येतं, पण उंची, चिलखत, आईबाप काहीच येत नाही. दाऊदने जालूतला मारलं, एवढं सांगून कथा पुढे जाते. भर आहे तो तालूतच्या मूठभर सैन्यावर आणि नदीकाठच्या परीक्षेवर: ओंजळभर पाणी घेईल तो आपला, पोटभर पिईल तो नाही. हिब्रू बायबलमध्ये पाण्याची अशी परीक्षा गिदोन घेतो, हरोदच्या झऱ्यावर, आणि दहा हजारांतले तीनशे निवडतो. इस्लामी परंपरेत तालूतबरोबर नदी ओलांडणाऱ्यांची संख्या तीनशे दहाच्या वर सांगितली जाते, आणि बद्रच्या लढाईत पैगंबरांबरोबर तितकेच लोक होते अशी बुखारीच्या संग्रहात नोंद आहे. नव्या समाजाला जालूतचा आकार महत्त्वाचा नव्हता. थोडे लोक पुष्कळांना हरवतात, हे महत्त्वाचं होतं. दाऊदशी बोलणारे गोफणीचे दगड वगैरे तपशील पुढे तबरीसारख्या इतिहासकारांनी पुन्हा भरले.

त्यांनीच जालूतला नवं कूळही दिलं, तेही थेट उत्तर आफ्रिकेत. नवव्या शतकातला इजिप्तचा इतिहासकार इब्न अब्द अल-हकम लिहितो की बर्बर लोक मूळचे पॅलेस्टाइनचे, जालूत त्यांचा राजा, आणि दाऊदने त्याला मारल्यावर ते पश्चिमेकडे निघून गेले. साचा जुनाच होता. सहाव्या शतकात प्रोकोपियसने आफ्रिकेतल्या मूर लोकांना यहोशवापुढून पळालेले कनानी ठरवलं होतं. अरबांना मगरिबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेत, कडवा प्रतिकार झाला. असा शत्रू ओळखीच्या ग्रंथात बसवायचा, तर जालूतचं घराणं तयारच होतं. चौदाव्या शतकात इब्न खलदूनने, जो स्वतः ट्युनिसचा, ही वंशावळ नाकारली. बर्बर हे कनानपुत्र माझीघचे, पलिष्टी त्यांचे भाऊबंद आणि जालूत ही राजाची पदवी, असं त्याचं म्हणणं. समोरच्या पक्षालाही वारस मिळाले. जहांगीराचा सरदार खानजहान लोदी याच्या पदरी असलेल्या निमतुल्लाने १६१३ च्या सुमारास ‘मखजन-ए-अफगानी’त पठाणांचा वंश तालूतपर्यंत नेला.

जालूतचं नाव जमिनीलाही चिकटलं. ३ सप्टेंबर १२६० रोजी कुतूझ आणि बैबर्स यांच्या मामलुक फौजेने कितबुकाच्या मंगोलांना ज्या जागी मोडलं ती ऐन जालूत, म्हणजे जालूतचा झरा. गथपासून ती बरीच उत्तरेला, इज्रेलच्या खोऱ्यात आहे. हा झरा म्हणजेच गिदोनाचं हरोद, असं साधारणपणे मानलं जातं. गिदोनाची परीक्षा तालूतकडे आली आणि गिदोनाच्या झऱ्याला जालूतचं नाव मिळालं. ग्रंथातली सरमिसळ नकाशावरही उतरली.

मराठीत हा वीर दोन नावांनी नांदतो, बायबलमध्ये गल्याथ आणि कुराणाच्या अनुवादांत जालूत. त्याचं खरं गाव, गथ, म्हणजे आजचं तेल एस-साफी. बार-इलान विद्यापीठाच्या आरेन माएर यांनी १९९६ पासून तिथे उत्खनन केलं. २००५ मध्ये एक खापर सापडलं, इसवीसनापूर्वी दहाव्या-नवव्या शतकातलं. त्यावर दोन नावं कोरलेली आहेत, सेमिटिक नसलेली आणि ‘गल्याथ’च्या घडणीशी मिळतीजुळती. ते खापर त्याचं नव्हे, पण अशा नावांची माणसं गथमध्ये होती हे त्यातून कळतं. इसवीसनापूर्वी नवव्या शतकाच्या उत्तरार्धात अरामच्या हजाएलाने हे शहर उद्ध्वस्त केलं आणि पलिष्ट्यांच्या बाजूने ही गोष्ट सांगणारं काहीच उरलं नाही. म्हणून गल्याथाची उंची शत्रूंनी ठरवली, आई शत्रूंनी नेमली आणि वंशजही तिऱ्हाइतांनी जोडून दिले. या कुळकथेतून कळतं ते ती लिहिणाऱ्यांविषयी: कोणाला राजा मोठा करायचा होता, कोणाला रूथची निष्ठा, कोणाला आपली छोटी फौज.