विभाजित पेटंट अर्ज (भारत)

विभाजित पेटंट अर्ज म्हणजे आधी दाखल केलेल्या पेटंट अर्जात वर्णिलेल्या एखाद्या शोधासाठी त्याच अर्जदाराने केलेला पुढील, स्वतंत्र अर्ज होय. भारतात त्याची तरतूद पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १६ मध्ये आहे. असा अर्ज मूळ अर्जाच्या तारखेलाच दाखल झाला, असे कायदा मानतो.

स्वरूप

कलम १०(५) नुसार एका अर्जातील दावे एकाच शोधाविषयी, किंवा एकाच कल्पक संकल्पनेने जोडलेल्या शोधांविषयी असावे लागतात. समजा, हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या उद्योजकाने संत्र्यांची प्रतवारी करणारे यंत्र आणि फळे टिकवणारा मेणाचा लेप या दोहोंवर एकाच अर्जात दावा केला. महाराष्ट्रातील अर्ज हाताळणारे मुंबईचे पेटंट कार्यालय त्यावर आक्षेप घेऊ शकते. अशा वेळी लेपासाठी नव्या तारखेचा अर्ज करणे घातक ठरू शकते. कारण अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात आणि अर्जदाराचा स्वतःचाच प्रसिद्ध मजकूर नावीन्याच्या आड येतो. विभाजित अर्जाला मूळ तारीख मिळत असल्याने हा धोका टळतो.

अटी व मुदत

मूळ अर्जावर पेटंट मंजूर होण्यापूर्वीच विभाजित अर्ज करावा लागतो. कायद्यातील ही अट साधी दिसते, पण भारतात मंजुरीची पूर्वसूचना देण्याची पद्धत नाही. आक्षेपांचे निराकरण झाले की पेटंट कोणत्याही दिवशी मंजूर होऊ शकते आणि विभाजनाची संधी कायमची संपते. त्यामुळे आक्षेपांना उत्तर देतानाच किंवा सुनावणीच्या सुमारास निर्णय घेणे इष्ट असते.

मूळ संपूर्ण विनिर्देशात, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनात, नसलेली माहिती नव्या अर्जात घालता येत नाही. दोन्ही अर्जांत एकाच बाबीवर दावा असल्यास नियंत्रक दुरुस्ती करायला लावू शकतात. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते. त्यासाठी मूळ अर्जाच्या अग्रक्रम तारखेपासून ३१ महिने (१५ मार्च २०२४ पूर्वीच्या अर्जांना ४८ महिने) किंवा विभाजित अर्ज केल्यापासून ६ महिने, यांपैकी नंतर संपणारी मुदत लागू होते.

पेटंटची २० वर्षेही मूळ तारखेपासूनच मोजली जातात. विभाजनाने संरक्षणाचा काळ वाढत नाही. उलट मंजुरीनंतर मागील वर्षांचे नूतनीकरण शुल्क एकदम भरावे लागते.

न्यायालयीन निर्णय

विभाजन कशाचे, दाव्यांचे की वर्णनाचे, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. जुलै २०२२ मध्ये बोहरिंगर इंगेलहाइम प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मूळ दाव्यांतच एकाहून अधिक शोध असणे आवश्यक ठरवले. त्यामुळे केवळ वर्णनात राहून गेलेला शोध वाचवणे अवघड झाले. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी सिंजेंटा प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने हे मत अमान्य केले: तात्पुरत्या किंवा संपूर्ण विनिर्देशात शोध उघड केलेला असणे पुरेसे आहे, आणि नियंत्रकांचा आक्षेप नसतानाही अर्जदार स्वतःहून विभाजन करू शकतो. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने नियम १३(२अ) जोडून विभाजित अर्जाचेही पुन्हा विभाजन करण्यास वाव दिला.

अन्य तरतुदींशी तुलना

अमेरिकेत त्याच वर्णनावर नवे दावे मांडणारा ‘सातत्य अर्ज’ आणि नवी माहिती जोडणारा ‘अंशतः सातत्य अर्ज’ असे आणखी दोन प्रकार आहेत. तेथील पेटंट कार्यालयाने २००७ मध्ये अशा अर्जांच्या संख्येवर मर्यादा आणणारे नियम जाहीर केले होते. न्यायालयाने ते अमलात येण्याच्या आदल्या दिवशी रोखले आणि २००९ मध्ये ते मागे घेण्यात आले. भारतात हे दोन्ही प्रकार नाहीत. मूळ शोधातील सुधारणेसाठी कलम ५४ खाली ‘अतिरिक्त पेटंट’ मिळते. त्याला वेगळे नूतनीकरण शुल्क नसते, मात्र त्याची मुदत मुख्य पेटंटबरोबरच संपते.