वरळीचा बेडूक आणि खोदणारे हात

निजामपुऱ्यातील यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचे आयुष्य गेले, त्याने दगडांतील प्राण्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खोदकाम म्हटले की पहार कोणाच्या हाती होती, हा प्रश्न आम्हां संघटनेच्या माणसांना आधी सुचतो.

इंग्लंडमधील लाईम रेजिसच्या कड्यात मेरी ॲनिंग या सुताराच्या मुलीने १८१२ साली इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा सांगाडा खणवून काढला. त्याचे डोके आदल्या वर्षी तिच्या भावाला सापडले होते. १८१४ साली त्यावर शास्त्रीय निबंध आला. त्यात तिचे नाव नव्हते.

तसाच सांगाडा कच्छमध्ये लोडाई गावाजवळ निघाला व २०१७ साली जगापुढे आला. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर मात्र लाव्हारसाचा. त्यात सागरी प्राणी कुठून मिळणार? तरीही एक थर निवून दुसरा येईपर्यंत जी गोड्या पाण्याची तळी साचली, त्यांच्या गाळात जीव गाडले गेले. वरळीच्या टेकडीत पाण्याच्या मोरीसाठी खडक फोडला, तेव्हा तो सहा कोटी वर्षांहून जुना गाळ उघडा पडला. त्यातील चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. मेरी ॲनिंग वारली तेही त्याच वर्षी. १८५२ साली कार्टर यांनी तेथील कासवाचे वर्णन केले व त्याला डॉक्टर लीथ यांचे नाव दिले.

मध्यंतरी मी वरळीस जाऊन आलो. टेकडी इमारतींखाली गेली आहे. लव्ह ग्रोव्हला सांडपाण्याचे पंप चालतात. पुस्तकांत ओवेन भेटले, कार्टर भेटले. मोरी खणणारा एकही मजूर मला भेटला नाही.

हे दुःख मला परके नाही. एका कारखान्यात पट्ट्यात सापडून एका कामगाराची बोटे गेली. हजेरीपटात त्याचे नावच नव्हते. ‘हा आमचा माणूस नव्हे,’ असे मालकाने सांगितले आणि भरपाईसाठी आम्ही तीन वर्षे उंबरे झिजविले. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचा हातही नाकारला जातो.

आज भिवंडीभोवती गोदामांचे पाये रोज खणले जात आहेत. उद्या त्यांत काही निघाले, तर दगड जरूर जपा. पण आधी विचारा, पहार कोणाची होती? आणि ते नाव लिहून ठेवा.