टकळीवरचे गणित

आपली नालवाडी म्हटली की विनोबांचे नाव ओठी येतेच. 1932 पासून 1938 साली पवनारला जाईपर्यंत ते येथे राहिले. रोज तासन्‌तास सूत कातीत. गणिताची त्यांना फार आवड. त्याच काळात, 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी, वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या शिक्षणाची योजना आखली. तीत गणित हस्तोद्योगाशी आणि घरच्या व्यवहाराशी जोडलेले होते.

ते कसे, पाहा. त्या वेळी सुताची एक तार 4 फुटांची धरीत. अशा 640 तारांची एक गुंडी, म्हणजे 2560 फूट सूत. 40 तोळ्यांत जितक्या गुंड्या बसतील तितका सुताचा अंक. गुंडी 2 तोळे भरली तर सूत 20 अंकी. 4 तोळे भरली तर 10 अंकी. वजन दुप्पट, अंक निम्मा! माध्यमिक शाळेत यालाच व्यस्त प्रमाण म्हणतात.

मी सातवी शिकलेली. माझ्या आठवीतल्या मुलीला हे प्रमाण पुस्तकातून उमगेना. गुंडीचा हिशेब मांडला, तेव्हा पुढची उदाहरणे ती आपणहून करू लागली. गणित जमत नाही म्हणून कित्येक मुली शाळेलाच कंटाळतात. तेव्हा भगिनींनो, वाणसामान, दुधाचा रतीब, मंडळाची वर्गणी यांचे हिशेब मुलींच्या हाती द्या. आपल्या दाराशी निघालेली ही वाट आपल्याच मुलींना अनोळखी राहू नये.