हरित वसईचा वाद आणि आपण

भगिनींनो, १९८८-८९ च्या सुमारास आपल्या वसईत मोठा वाद पेटला होता : वाड्या राखाव्या की इमारती होऊ द्याव्या? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने चळवळ उभारली. बावखलात पावसाचे पाणी मुरते, म्हणून विहिरी गोड राहतात. ते बुजवून, टँकरने उपसून कसे चालेल, असा एका बाजूचा सवाल. परंतु जमीन विकणाऱ्यालाही संसाराची नड होती, आणि मुंबईहून येणाऱ्याला परवडेल असे घर हवे होते. म्हणून हा वाद एका बैठकीत मिटण्यासारखा नव्हताच. फादर २०२४ साली निवर्तले. प्रश्न उरलाच आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण विहीर आटली की हंडा आपल्याच डोक्यावर येतो, एवढे मला कळते. तेव्हा अशा चर्चेत आपण मागे चहा करीत न राहता पुढे बसावे, दोन्ही बाजू ऐकाव्या आणि बोलावे.