कमी खर्चातला सीसीटीव्ही : घेताना काय पाहावे, बिघडल्यावर काय तपासावे

गल्लीतल्या किराणा दुकानापासून मदरशाच्या फाटकापर्यंत आता सगळीकडे कॅमेरे दिसतात. पण काही घडले आणि फुटेज काढायची वेळ आली की ठरलेली उत्तरे ऐकू येतात. रात्रीचे काही दिसत नाही, हार्ड डिस्क बंद होती, वेळ चुकीची दाखवतोय, आठ दिवसांपूर्वीचे पुसले गेले. ज्याची मोटारसायकल गेली त्याचे नुकसान तर होतेच. त्याहून मोठे नुकसान त्या पोराचे होते, ज्याच्यावर उगाच बोट दाखवले गेले आणि तो त्या वेळी चार दुकाने सोडून बसला होता हे दाखवणारे चित्रण कुठेच उरले नाही. म्हणून कॅमेरा घेताना एकच प्रश्न डोक्यात ठेवावा : पंधरा दिवसांनी कुणी विचारले तर चेहरा, तारीख आणि वेळ दाखवता येईल का? आम्ही शाळेसाठी आणि आजूबाजूच्या दुकानांसाठी या वस्तू घेताना, लावताना, दुरुस्त करताना जे पाहिले ते इथे मांडत आहोत. किमती बाजाराप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडे देत नाही. पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा, एवढे सांगतो.

डीव्हीआर, एनव्हीआर की वायफाय?

दुकान, घर किंवा छोट्या शाळेसाठी चार कॅमेऱ्यांचा साधा एचडी ॲनालॉग संच आजही सगळ्यात स्वस्त पडतो. कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत कोॲक्स केबल जाते, टोकाला बीएनसी कनेक्टर बसतो, आणि १२ व्होल्टचा पुरवठा एसएमपीएसमधून येतो. गल्लीतला कुठलाही कॅमेरावाला हा संच दुरुस्त करू शकतो. हा फायदा लहान समजू नका.

आयपी कॅमेऱ्यांना एनव्हीआर लागतो. पीओई स्विच घेतला तर नेटवर्कच्या एकाच केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातात, मात्र ती केबल १०० मीटरपेक्षा लांब नेता येत नाही. नवी इमारत बांधली जात असेल आणि भिंतीतून पाइप टाकायचे असतील तर हा मार्ग चांगला. जुन्या वाड्यात जिथे कोॲक्स आधीच फिरवलेली आहे, तिथे ती काढून फेकण्यात अर्थ नाही.

वायफाय कॅमेरा एका खोलीपुरता, म्हाताऱ्या आई-वडिलांवर लक्ष ठेवण्यापुरता ठीक. चोराने मीटरचा खटका पाडला की राउटर बंद आणि मोबाईलवर येणारे चित्रही बंद, हे लक्षात ठेवूनच घ्यावा.

दुकानदार मेगापिक्सेलवर माल विकतो. चार मीटर रुंदीच्या दुकानाला २ मेगापिक्सेल पुरतात. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन लेन्स चुकीची निवडली तर चेहरा तेवढाच अंधुक येणार. लेन्सचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. २.८ मिमीची लेन्स अख्खी खोली दाखवते, पण अनोळखी माणूस खात्रीने ओळखता येईल असा चेहरा २ मेगापिक्सेलमध्ये साधारण ३ मीटरपर्यंतच मिळतो. ३.६ मिमीमध्ये तोच चेहरा ४ मीटरच्या आसपास, तर ६ मिमीमध्ये ८ मीटरच्या आसपास मिळतो, मात्र दिसणारा भाग अरुंद होतो. गल्ल्यावर २.८, फाटकावर किंवा बोळाच्या तोंडाशी ६, असा मेळ घालावा. सगळीकडे एकच लेन्स लावणारा माणूस स्वतःचे काम सोपे करत असतो, तुमचे नाही.

उंचीचेही तसेच. कॅमेरा चोरीला जाईल या भीतीने लोक तो १५ फुटांवर ठोकतात आणि मग महिनाभर टोप्या आणि टकले रेकॉर्ड होत राहतात. चेहरा हवा असेल तर एक तरी कॅमेरा आठ-नऊ फुटांवर, माणूस आत शिरताना समोरून दिसेल असा हवा. दुकानात आणखी एक अडचण येते. आतून शटरकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात दिवसा बाहेरच्या उजेडामुळे गिऱ्हाईक काळी सावली होऊन जाते. त्यासाठी डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा मागावा. खोक्यावर 'डीडब्ल्यूडीआर' लिहिले असेल तर ती फक्त सॉफ्टवेअरने केलेली रंगसफेदी आहे. नाहीतर कॅमेऱ्याची जागा बदला आणि बाजूच्या भिंतीवरून दरवाज्यावर रोखा. त्याला पैसे लागत नाहीत.

रात्री रंगीत दिसणारे कॅमेरे आता खूप खपतात. त्यांना थोडातरी उजेड लागतोच. फाटकावर रात्रभर ९ वॅटचा एलईडी दिवा लावला तर साध्या कॅमेऱ्याचेही चित्र सुधारते.

हार्ड डिस्कचा हिशोब

हा हिशोब आम्ही सातवीच्या मुलांकडूनही करून घेतो. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीत सेकंदाला साधारण २ मेगाबिट जागा खातो असे धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. दोनाने गुणा, आठाने भागा : एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांना ८६.४ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क जेमतेम ११ दिवस पुरते, त्यानंतर जुने पुसून त्यावरच नवे लिहिले जाते. आठ कॅमेरे असतील तर सहा दिवसही नाही. रमजानच्या पहिल्या आठवड्यात दुकानात काही झाले आणि ईदनंतर हिशोब लावताना लक्षात आले, तर डिस्कमध्ये काहीच नसेल. चार कॅमेऱ्यांना २ टीबी घेतली तर २३ दिवस मिळतात. कॅमेऱ्यावर पैसे वाचवून डिस्कवर घाला, हा आमचा आग्रह त्यासाठीच. जुन्या डीव्हीआरमध्ये एच.२६४ असेल तर जागा बरीच जास्त लागते, जवळपास दुप्पट धरून चालावे.

डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्यावी. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक या रात्रंदिवस लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात. जुन्या कॉम्प्युटरमधली काढून बसवलेली डिस्क काही महिन्यांत टिकटिक करू लागते. डीव्हीआर सारखा बीप वाजवत असेल तर तो बहुतेक वेळा डिस्क सापडत नाही किंवा खराब झाली हेच सांगत असतो. आम्ही एका ठिकाणी पाहिले, बीपचा त्रास होतो म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आवाजच बंद करून टाकला होता. समोर टीव्हीवर चारही चौकटी व्यवस्थित चालू, आणि पाच महिन्यांत एक सेकंदही साठवलेला नाही.

महिन्यातून एकदा प्लेबॅक उघडून परवाच्या रात्री दोनचे चित्रण लावून पाहावे. लाइव्ह चित्र पाहून खात्री होत नाही.

बिघाड शोधताना

एखाद्या कॅमेऱ्याचे चित्र गेले की लगेच नवा कॅमेरा आणू नका. शेजारच्या चालू कॅमेऱ्याची केबल डीव्हीआरच्या त्या बंद चॅनेलला लावून पाहा. चित्र आले तर चॅनेल ठीक आहे, दोष कॅमेऱ्याकडे किंवा वाटेत आहे. मग तो कॅमेरा खाली उतरवून डीव्हीआरजवळ छोट्या केबलने जोडा. इथे चालला तर कॅमेराही ठीक, म्हणजे केबल किंवा बीएनसी गेली. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हेच जास्त सापडते. कनेक्टरवर हिरवट थर चढतो. बाहेरचे सगळे जोड प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्यावेत, नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

दिवसा चालणारा कॅमेरा मगरिबनंतर बंद पडत असेल किंवा सारखा बंद-चालू होत असेल, तर संशय विजेवर घ्या. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि तो जास्त वीज ओढतो. एसएमपीएस कमजोर असेल किंवा तार पातळ असेल तर तिथेच जीव जातो. मल्टिमीटर घेऊन कॅमेऱ्याच्या टोकाला, रात्री, दिवे पेटलेले असताना व्होल्टेज मोजा. एसएमपीएसपाशी १२ आणि कॅमेऱ्यापाशी १० असेल तर दोष सापडला. थ्री प्लस वन केबलमधल्या स्वस्त, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ तारांत ४०-५० मीटर अंतरावर दोन-तीन व्होल्ट वाटेतच सहज खपतात. उपाय दोन : तांब्याची जाड तार टाका, किंवा लांबच्या कॅमेऱ्याजवळ स्वतंत्र १२ व्होल्टचा ॲडॅप्टर द्या. एसएमपीएस घेताना आठ कॅमेऱ्यांना आठ-चॅनेलचा बरोबर मापाचा न घेता थोडा मोठाच घ्यावा.

चित्रात आडव्या पट्ट्या वर-खाली सरकत असतील तर केबल विजेच्या वायरीला चिकटून गेली असण्याची किंवा बीएनसी लोखंडी खांबाला टेकली असण्याची शक्यता पाहा. रात्री चित्र पांढऱ्या धुक्यासारखे दिसते, ते कॅमेरा खराब झाल्यामुळे असेलच असे नाही. घुमटाकार काचेवरची धूळ, कोळ्याचे जाळे किंवा शेजारची चुन्याची भिंत इन्फ्रारेड उजेड परत फेकते. मऊ ओल्या फडक्याने पुसा आणि कॅमेरा भिंतीपासून थोडा फिरवा.

एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या डीव्हीआरला लावला आणि चित्र आलेच नाही किंवा काळे-पांढरे आले, तर सिग्नलचा प्रकार जुळत नसेल. टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी असे प्रकार असतात. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या वायरीवर एक छोटे बटण असते, ते काही सेकंद दाबून धरल्यावर प्रकार बदलतो. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक कॅमेरा परत करून येतात.

वायफाय कॅमेरा जोडला जात नसेल तर बहुतेक वेळा फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असतो आणि स्वस्त कॅमेऱ्याला फक्त २.४ चालते. त्यातले मेमरी कार्ड मोबाईलचे जुने नको. सतत लिहिण्यासाठी बनवलेले जास्त टिकाऊ कार्ड वेगळे मिळते.

आणि घड्याळ. वीज गेल्यावर डीव्हीआर जुन्याच कुठल्यातरी सालात जात असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बदलून घ्या. बॅटरी ठीक असली तरी महिन्याभरात वेळ थोडी पुढे-मागे होतेच, म्हणून महिन्याच्या तपासणीत मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहावे. राउटर आणि डीव्हीआरला एक छोटा यूपीएस द्यावा, आणि कॅमेऱ्यांच्या एसएमपीएसलाही, नाहीतर डीव्हीआर चालू आणि पडदा काळा.

पासवर्ड आणि पडदा

लावणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. कॅमेरावाल्याच्या मोबाईलमध्ये तुमचे घर दिसत राहणे बरे नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले महिलांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासात सोप्या, कंपनीतून आलेल्या पासवर्डचा मुद्दा पुढे आला. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक केली आहे. घेताना दुकानदाराला मॉडेलचे एसटीक्यूसी प्रमाणपत्र विचारा. फार स्वस्त, बिननावाचा माल इथेच अडकतो.

वुजूखाना, स्वच्छतागृह, मुलींची कपडे बदलायची खोली, इथे कॅमेरा कुठल्याही कारणाने नको. महिलेचे खाजगी क्षणांचे चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. शेजाऱ्याची खिडकी किंवा अंगण चौकटीत येत असेल तर डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो, तेवढा भाग काळा करून टाका. शेजाऱ्याला बोलावून ते दाखवा, भांडण टळते.

पोलीस ठाण्यात आणि कोर्टात

जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला गेला का, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण पुरावा होते. वारंवार मागूनही त्या चित्रणाचे प्रमाणपत्र सरकारी कार्यालयाने दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र कोर्टात हजर केले नाही आणि फक्त प्रत दिली, तर प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून हीच गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक फुटेज देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. ते काम वकील किंवा पोलीस ठाण्यातला जाणकार माणूस करून देतो. तुमचे काम त्याआधीचे आहे.

घटना कळताच त्या दिवशीच फुटेज पेन ड्राइव्हवर काढा, मागचे-पुढचे एकेक तास धरून. डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये काढा आणि सोबत त्याचा प्लेयरही. टीव्हीच्या पडद्याचा मोबाईलने केलेला व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवर आलेली फाइल याला फारसा अर्थ नाही, व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते. फाइल कापू नका, तिच्यावर बाण-गोल काढू नका. डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यात किती मिनिटांचा फरक होता ते कागदावर लिहून खाली सही व तारीख घाला. गल्लीत पाच दुकानांत कॅमेरे असतील तर पाचही जणांना सांगा, कारण प्रत्येकाच्या डिस्कची मुदत वेगळी. पोलीस डीव्हीआर घेऊन जात असतील तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात डीव्हीआर व हार्ड डिस्क दोन्हींचे अनुक्रमांक लिहिले आहेत का ते वाचून मगच सही करा.